आधी खोड, मग स्थळ

स्थळ सांगायला आलेली बाई मुलाची तारीफ सोडून आधी त्याची खोड सांगते, असं तुम्ही कुठं ऐकलंय? लोहाऱ्याची नागम्मा सांगायची. निजामाचं राज्य होतं आणि तिकडं इंग्रजाची मोठी लढाई चालली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. नागम्माचा धंदा बांगड्या भरायचा. पाठीवर गाठोडं टाकून ती गावोगाव हिंडायची. लोहारा, सास्तूर, जळकोट आणि मधल्या सगळ्या वाड्या तिच्या पायाखालच्या. मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायची आणि कधी बाहेर यायची, ऐकणारीला पत्ता लागायचा नाही. आणि बांगड्या भरायला बाई घरात शिरली की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला कळणारच की! तसं तिला पोरींची वयं कळायची, पोरांची वागणूक कळायची, आणि त्यातूनच सोयरिकी जुळायच्या.

पण पद्धत उलटी. ओसरीवर बसायची, पाणी प्यायची आणि पहिलंच वाक्य टाकायची, "पोरगं रागीट हाय बगा. ताट फेकतंय."

घरातली माणसं दचकायची. मग म्हातारी हळूच विचारायची, "फेकून झाल्यावर काय करतंय?"

"सोताच उचलतंय. आन् दिवसभर तोंड लपवत फिरतंय."

"मग चालतंय की!"

झालं. मग जमीन, बैल, घर यांची चौकशी व्हायची, तीही अशीतशीच. एका ठिकाणी तिनं सांगितलं होतं, "सासू लई बोलती. पण मनात काय ठेवत न्हाय, कारण मनात ठेवायला काय उरतच न्हाय." ती पोरगी त्या घरात सुखानं नांदत होती. सासू बोलायला लागली की गालात हसायची, कारण तिला आधीच ठाऊक होतं. बाकीचे मध्यस्थ असे साखर पेरत यायचे की वाटावं, कैलासातून थेट जावई उतरलाय. लोक त्यांचं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि मागून चार गावं चौकशी करत फिरायचे. नागम्मा बोलली की मात्र चौकशी बंद.

हे तिला सुचलं कुठून, तर हातातून. बांगडी भरणं म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे. पंजा दाबायचा, अंगठा आत घ्यायचा, आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. हात सैल पडला तर लहानातली लहान बांगडी सरकन वर जाते. हात ताठला की काच फुटते. सुरुवातीला नागम्माही इतरांसारखीच गोड बोलायची. "अग्गबाई, काय ते स्थळ, काय तो मुलगा!" असं म्हटलं की समोरचा हात ताठायचा. तिला नवल वाटायचं. एवढं चांगलं बोलतोय आणि ही बाई आखडतेय कशी? मग एकदा सहज तोंडून निघालं, "तसं पोरगं जरा आळशीच हाय," आणि हात लोण्यासारखा मऊ पडला. तिला मोठी गंमत वाटली. तेव्हापासून ती बोलायची आणि बोटांनी ऐकायची. कुठल्या शब्दाला हात आखडतो, कुठल्या शब्दाला सुटतो, हे बघायचा तिला नादच लागला म्हणा ना.

अर्थात नुसतं नवल नव्हतं. आत एक जुनी आग होती. तिचं स्वतःचं लग्न जुळवलं होतं एका गोडबोल्या म्हाताऱ्यानं. "मुलात नाव ठेवायला जागा न्हाय," असं त्यानं तिच्या बापाला मठात बसून सांगितलं होतं. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच एका सकाळी नवरा, वीरभद्र, चुलीपाशी धाडकन पडला. डोळे फिरलेले, तोंडाला फेस. फेफरं होतं त्याला. सासरी सगळ्यांना माहीत होतं, एकट्या तिलाच नव्हतं. पोरगी पार हादरली. पुढं नवरा चांगला निघाला, जीव लावला त्यानं, वयानुसार झटकेही कमी झाले. पण त्या म्हाताऱ्याचं नाव निघालं की नागम्मा अजूनही थुंकायची.

तर अशा या नागम्माला स्वतःच्या लेकासाठी एक पोरगी आवडली, आणि तिथं सगळा घोळ झाला.

पोरगी जळकोटच्या महांतप्पाची. महांतप्पा म्हणजे सडकेला लागून भुसाराचं दुकान, मागं काळीभोर जमीन, मठात मान. त्याची ही मल्लम्मा. दिसायला बरी होती, पण नागम्माला आवडली ती तिच्या प्रश्नांमुळं. सडकेवरून लष्कराच्या मोटारी धुरळा उडवत सोलापूरकडं जायच्या, तर ही विचारायची, "मावशी, ह्या सगळ्या मोटारी एकाच दिशेनं जात्यात, मग माघारी कुठनं येत्यात?" आता काय सांगणार कपाळ? एकदा हातात बांगडी अर्धी गेलेली असताना तिनं विचारलं, "मावशी, माणसाला काय एकच खोड असती? तुमी एकच सांगता. मग कंची सांगायची ते ठरवता कसं?"

नागम्माचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "जी घरच्यांना लपवावीशी वाटती, ती."

"मग बरोबर हाय," मल्लम्मा म्हणाली. जशी काय हीच परीक्षा घेणारी! नागम्मा हसली. पण रस्ताभर तिच्या मनात एकच, ही पोर माझ्या घरात पाहिजे. दिवसभर हिंडून आल्यावर बोलायला असं माणूस पाहिजे.

लेक होता शांतलिंग. उंचापुरा, कष्टाळू, बोलायला कमी. दुसऱ्याचं शेत बटईनं करायचा आणि कुणाचं काही अडलं की आधी धावायचा. त्याच्यात खरंच नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे वाक्य मनात आलं की नागम्माला तो गोडबोल्या म्हातारा आठवायचा. कारण मागच्या सुगीत, खळ्यावर, शांतलिंगही बापासारखाच पडला होता. मग पुन्हा एकदा घरात. दोन्ही वेळा बाहेरचं कुणी बघितलं नाही. खळ्यावर नागम्मा होती, तिनं त्याला कडब्याच्या आडोशाला ओढलं आणि पदरानं तोंड पुसलं.

वेळ अमावस्या जवळ आली. आपल्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. महांतप्पानं निरोप धाडला होता, "नागम्मक्का, यंदा येळवशीला आमच्या शेतात जेवायला यायचं." नागम्मानं ठरवलं, तिथंच बोलायचं.

निघायच्या आदल्या दिवशी शांतलिंगनं विचारलं, "अव्वा, माझी खोड सांगशील न्हवं?"

"सांगीन की. तू घुमा हाईस. तोंडातनं शब्द काढायचा तर सांडशी लागती."

"ती न्हवं."

नागम्मा गाठोडं बांधत राहिली. "बघू," म्हणाली.

वीरभद्र ओसरीवर वाती वळत बसला होता. तो म्हणाला, "सांग बाई. पोरगा सोता म्हणतोय तर सांग. मला तवा कुणी इचारलंच न्हाय. आई म्हणाली, गप बस, म्या गप बसलो. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"सांगितलं असतं तर म्या आले नसते."

"नसती आली?"

नागम्मानं गाठोड्याची गाठ करकचून आवळली. खरं म्हणजे तिलाच ठाऊक नव्हतं. कदाचित आलीही असती. तिचा राग फेफऱ्याचा नव्हताच कधी, न सांगितल्याचा होता. पण आता प्रश्न लेकाचा होता, आणि लेकाचा म्हटलं की शहाणी बाईसुद्धा येडी होते.

येळवशीला महांतप्पाच्या शेतात नुसता आनंद होता. जोंधळा माणसाच्या डोक्यापर्यंत उभा, हरभऱ्याला घाटे धरलेले. कडब्याची कोप करून आत पाच दगडांचे पांडव मांडले होते, पूजा झाली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर, आणि मडक्यातली ताकाची गार अंबील. महांतप्पाची बायको पार्वतम्मा वाढता वाढता प्रत्येकाला दटावत होती, "घ्या म्हणजे घ्या, लाजायला हे काय पावण्याचं घर हाय व्हय!" आल्यागेल्याला पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं हा त्या दिवसाचा रिवाजच. बाकीची मंडळी जेवून बांधाबांधानं पांगली, तशी कोपीपाशी महांतप्पा, पार्वतम्मा, मल्लम्मा आणि नागम्मा एवढीच राहिली. नागम्मानं गाठोडं सोडलं. लढाईमुळं काचेचा माल मिळेनासा झाला होता, त्यातून सोलापूरहून आणायचा तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई सगळं उलटंपालटं करायचे. तरी तिनं पार्वतम्मासाठी हिरव्या बांगड्या राखून ठेवल्या होत्या.

पार्वतम्माचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "अण्णा, एक स्थळ आणलंय. मल्लम्मासाठी."

महांतप्पा सावरून बसला. "बोला अक्का. आधी खोड बोला."

"पोरगं घुमं हाय. बोलतच न्हाय. चार शब्द बोलायला चार दिस लागत्यात."

महांतप्पा खो खो हसला. "अवो, मग तर बरंच की! आमच्या घरात बोलणारी एकटी मल्लम्माच पुरी हाय. तिला ऐकणारा पाहिजेच व्हता. कोन हाय पोरगं?"

"माझाच हाय. शांतलिंग."

महांतप्पानं बायकोकडं बघितलं. मग पार्वतम्माचे डोळेच भरून आले. "अक्का, तुमच्या घरात? शिवा! माझी पोर तुमच्या हाताखाली जाणार म्हणजे मला घोरच न्हाय!"

"ठरलं मग," महांतप्पानं मांडीवर थाप मारली. "पार्वती, सुपारी आण. आजच्या आज फोडू."

"असं कसं, अण्णा?" नागम्मा घाईनं म्हणाली. "चौकशी करा. लोहाऱ्याला या, घर बघा, चार माणसांना इचारा."

"चौकशी? तुमी सांगितल्यावर? अवो, लोकांची चौकशी आमी तुमच्याकडं करतो, आन् तुमची कुणाकडं करू?"

आणि त्याच वेळी नागम्माच्या बोटांना कळलं. पार्वतम्माचा हात तिच्या हातात इतका सैल पडला होता, इतका मऊ, की बांगड्या आपोआप वर सरकत होत्या. झोपलेल्या लेकराचा हात असतो तसा. एवढा सैल हात तिला उभ्या आयुष्यात लागला नव्हता. तिचा जीव घाबरा झाला. त्या गोडबोल्या म्हाताऱ्यावर तरी कुणी एवढा भरवसा ठेवला नव्हता. तो आपला साधा लबाड होता. आपण मात्र इतकी वर्षं खरं बोललो, आणि आज त्या सगळ्या खरेपणाच्या जोरावर एक लबाडी खपवतोय. आणि खपतेय! नुसती खपत नाहीये, सुपारी आणायला बाई उठू बघतेय!

मल्लम्मा इतका वेळ हरभऱ्याचे घाटे सोलत गप्प होती. तिनं मान वर केली. लाजली वगैरे नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"मावशी, घुमं असणं ही काय लपवावीशी वाटणारी खोड हाय व्हय?"

"मल्ली, गप!" पार्वतम्मा म्हणाली.

पण नागम्माच्या हातातली बांगडी खाली पडली होती. तिनं पार्वतम्माचा हात सोडला.

"न्हाय," ती म्हणाली. "ती न्हाय लपवावीशी वाटत. लपवावीशी वाटती ती दुसरीच हाय. त्याला फेफरं येतंय. दोनदा पडला. खळ्यावर एकदा, आन् घरात एकदा. त्याच्या बापालाबी येत व्हतं."

महांतप्पाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"आन् म्या आत्ता सुपारी फोडली असती तर? मघाशी दुसरी खोड कशी काय सांगितली तुमी?"

"तुमी मानाल हे ठावं व्हतं म्हणून," नागम्मा म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "म्या आजवर खोटं बोलले न्हाय, म्हणूनच आजचं खोटं चाललं असतं. पोरगी मला पाहिजे व्हती, अण्णा. लई पाहिजे व्हती. म्हणून केलं."

महांतप्पा ताडकन उठला आणि बैलांकडं चालता झाला. बैलांना वैरण होतीच, तरी तो आणखी टाकत राहिला. पार्वतम्मा डोळ्याला पदर लावून बसली. नागम्माला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती गाठोडं आवरू लागली.

मल्लम्मा मात्र जवळ सरकली. "येतंय ते आधी कळतं का त्यास्नी?"

"हातातली वस्तू गळती. मग कळतं."

"मग तवा काय करायचं असतं?"

"कुशीवर करायचं. तोंडात काय घालायचं न्हाय. आगीपासनं, हिरीपासनं लांब. आन् जाग आल्यावर लोकांनी भवती गर्दी करायची न्हाय, त्याला लाज वाटती."

"हे आमाला सांगा म्हणून त्यांनी सोताच सांगितलं व्हतं का तुमाला?"

नागम्मानं गाठोडं बाजूला ठेवलं. "व्हय. जाऊ नकोस म्हणाला न्हाय, पण सांग म्हणाला. म्याच आले न सांगता."

"मग माणूस चांगला हाय," मल्लम्मा म्हणाली, आणि पुन्हा घाटे सोलू लागली. तिच्या त्या साध्या बोलण्यानं नागम्माला जेवढं लागलं, तेवढं महांतप्पाच्या रागानं लागलं नव्हतं. एक क्षणभर, खरं सांगायचं तर, तिला आशाही वाटली.

महांतप्पा परत आला तेव्हा त्याचा राग उतरला होता. तो समोर बसला. तांब्यातलं पाणी प्याला, मग तांब्या नागम्माकडं सरकवला.

"अक्का, ही पोर म्या तुमच्या घरात देत न्हाय," तो म्हणाला. "रागानं सांगत न्हाय. तुमचं पोरगं सोन्यासारखं असंल. पण मला भ्या वाटतंय. बाप हाय मी. रातभर डोळ्याला डोळा लागायचा न्हाय माझा."

"बरोबर हाय, अण्णा." नागम्मानं मान हलवली. तिच्या बापाला कुणी सांगितलं असतं तर त्यानंही हेच केलं असतं, आणि ते त्याच्या हक्काचं होतं. ती उठायला लागली.

"बसा. झालं न्हाय माझं," महांतप्पा म्हणाला. "हिचं स्थळ तुमीच बघायचं."

नागम्मा उठता उठता वळली.

"पोटच्या पोराची सोयरीक समोर ठरत असताना तुमी हे बोललात. आता दुसऱ्या कुणाच्या तोंडाचं मला खरं वाटणार न्हाय. दुसरा कुणी देव घेऊन आला तरी म्या म्हणंन, नागम्मक्काला इचारून येतो. तवा तुमीच बघा."

शिवा शिवा! लेकाचं जमत असलेलं लग्न मोडलं, आणि वर त्याच पोरीला दुसऱ्याच्या घरी पोचवायचं काम हिनंच करायचं! नागम्माच्या अंगाचा नुसता भडका उडाला. असा भरवसा काय चुलीत घालायचाय? ती म्हणणारच होती की दुसरी कुणी बघा बाई, माझ्यानं व्हायचं न्हाय. पण पार्वतम्मा पदराआडून आशेनं बघत होती. मल्लम्मा मान खाली घालून बसली होती, आणि तिची बोटं रिकामेच घाटे चाचपत होती.

आणि नागम्माला नाव ठाऊक होतं. सास्तूरचा सिद्धेश्वर. चांगलं घर, शिकलेला, गप्पांची आवड, प्रश्न विचारणारी बायको मिळाली तर डोक्यावर घेऊन नाचेल असा. गेल्या श्रावणापासून तिला ठाऊक होतं की मल्लम्माला हाच जोडीदार शोभेल. आपल्या शांतलिंगसाठी तिनं ते नाव पोटात दडपून ठेवलं होतं.

ती पुन्हा खाली बसली. पदरानं तोंड पुसलं.

"सास्तूरला एक पोरगं हाय," ती म्हणाली. "सिद्धेश्वर."

महांतप्पानं जमीन विचारली नाही, घर विचारलं नाही. तो पुढं झुकला. "खोड सांगा."

नागम्मा सांगू लागली. सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि महांतप्पा, पार्वतम्मा, दोघंही तिचा एकेक शब्द मान हलवून ऐकत होती.